परकार सरांचे पुस्तक आणि मार्टिनाताईंचा होकार

इब्राहिम परकार सरांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि भांडायला मीच गेले होते. तेव्हा आम्ही दुबईत अल कुसैसला राहत होतो. माझी मुलगी सई जवळच्याच भारतीय शाळेत अकरावीत होती आणि सर तिला राज्यशास्त्र शिकवत. चाचणी परीक्षेत धर्मनिरपेक्षतेवरच्या प्रश्नाला सईने पाठ्यपुस्तकातले उत्तर स्वल्पविरामासकट उतरवले होते. युरोपात राजकारणातून धर्म बाजूला काढला गेला आणि आधुनिक राज्य जन्माला आले, असा त्याचा मथितार्थ. सरांनी निम्मेच गुण दिले होते आणि खाली लाल शाईने विचारले होते, ‘बाजूला कोणी काढला? आणि काढल्यावर खोलीत काय काय उरले?’

पालकसभेला मी ती उत्तरपत्रिका घेऊन सरांसमोर बसले. मी एका बांधकाम कंपनीत कंत्राटांचे काम बघते. कलमात लिहिले आहे तेवढे झाले की काम पूर्ण, यावर माझा गाढ विश्वास.

“सर, उत्तर पुस्तकाप्रमाणेच आहे. मग मार्क का कापलेत?”

“कापले नाहीत, मॅडम,” सर शांतपणे म्हणाले. “निम्मे उत्तराला दिलेत. उरलेले ठेवून घेतलेत. ती प्रश्न विचारायला आली की देतो.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारी बसलेली सई म्हणाली, “आई, ही इज राइट. आय जस्ट मग्ड इट अप.” घरचीच साक्ष फिरल्यावर माझा खटला तिथेच निकालात निघाला. पुढच्या आठवड्यात सई प्रश्न विचारून आपले गुण घेऊन आली, आणि त्या शुक्रवारी मी स्वतः सरांच्या घरी दर आठवड्याला भरणाऱ्या बैठकीला जाऊन बसले. पुढे आम्ही अबू धाबीला, खलिफा सिटीत राहायला गेलो, तरी बैठक सुटली नाही. एवढे पेट्रोल जाळून तू तिथे नक्की काय ऐकतेस, असे माझे यजमान अजूनही विचारतात. त्यांना एकदा नीट उत्तर द्यावे म्हणूनही हा लेख लिहिते आहे.

बैठक हा शब्द भारदस्त वाटला तरी ती म्हणजे सरांच्या दिवाणखान्यात बसलेली पाचसात मराठी माणसे आणि नजमाभाभींचा सुलेमानी चहा. विषय मात्र एकच, आणि तोही दुबईत कोणी काढणार नाही असा: ख्रिस्ती धर्माचा आधुनिक युरोपच्या राजकीय विचारावर झालेला परिणाम. रत्नागिरीकडच्या एका कोकणी मुसलमान घरातला माणूस वाळवंटात बसून युरोपातल्या चर्चचा विचार मराठीत का करतो, हे कुतूहल मला पहिल्या दिवसापासून होते. मी तसे विचारलेही. सर हसून म्हणाले, “स्वतःच्या घरात माणूस डोळे मिटून वावरतो. खांब कुठे आहे ते ठाऊक असतं, म्हणून तो खांबाकडे बघत नाही. दुसऱ्याच्या घरी गेला की सगळं बघतो.”

आणि सर खरोखरच सगळे बघत. आज आपण ज्यांना सहज ‘आधुनिक’ म्हणतो त्या कल्पना हातात घेऊन ते प्रत्येकीला विचारत, बाई, तुझं माहेर कुठलं? राज्यघटना म्हणजे लोकांनी आपसात केलेला करार, असे मी कंत्राटवाली ऐटीत म्हणाले, तर त्यांनी मला मागे मागे नेत अशा छोट्या मंडळींपर्यंत पोचवले, जी राजाची परवानगी न घेता एकत्र जमत, देवाला साक्षी ठेवून एकमेकांशी करार करत आणि आपला धर्मोपदेशक आपण निवडत. प्रतिनिधी पाठवायची सवय बऱ्याच अंशी धर्मसभांमध्ये अंगवळणी पडली, हे मला तिथे कळले. जे घराला जमते ते गावाने हाती घेऊ नये आणि जे गावाला जमते ते राज्याने घेऊ नये, हा युरोपच्या आजच्या कारभारातला नियमही चर्चच्या सामाजिक शिकवणीतून आलेला आहे. तो शिकवताना सरांनी आपल्या इमारतीच्या नातूरचे, म्हणजे पहारेकऱ्याचे, उदाहरण दिले. नळ गळला तर आधी नातूरला सांगायचे, थेट मालकाला फोन करायचा नाही! त्या दिवसापासून हा नियम आमच्या बैठकीत ‘नातूरचा सिद्धांत’ म्हणूनच ओळखला जातो.

पण भक्तिभावाने सगळे श्रेय एकाच दारात नेऊन टाकणे सरांना साफ नामंजूर. आमच्यातले पाटणकर, जे एका बँकेत आहेत आणि ज्यांना प्रत्येक गोष्टीचा एका ओळीत निष्कर्ष लागतो, ते एकदा म्हणाले, “म्हणजे सर, थोडक्यात लोकशाही चर्चने दिली.” सर एकदम सरसावून बसले. “थोडक्यात काही नसतं, पाटणकर. राजांनी आपला दैवी हक्क त्याच ग्रंथातून काढला, आणि राजाला जाब विचारायचा हक्कही प्रजेने त्यातूनच काढला. गुलाम ठेवणारे तोच वाचत होते आणि गुलामगिरीविरुद्ध उठलेलेही. ग्रीक आहेत, रोमन कायदा आहे, व्यापारी आहेत. माझा प्रश्न एवढाच आहे की त्याच एका घरातून इतकी उलटसुलट माणसं बाहेर कशी पडली?” हा प्रश्न विचारताना सरांचा चेहरा असा खुलतो की साठीला आलेल्या माणसाला कोणी नवी सायकल दिली आहे असे वाटावे.

या बैठकीचा एक नियम आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल कोणी काही मांडले, की बोलून झाल्यावर त्याने त्या श्रद्धेच्या माणसाकडे वळून विचारायचे, “बरोबर सांगितलं का?” समोरून होकार आला तरच पुढे चर्चा. नाही आला तर पुन्हा मांडायचे. सरांच्या गावी जमातीच्या पंचांपुढे तंटा आला की फिर्यादीने आधी दुसऱ्या बाजूचे म्हणणे सांगायचे आणि दुसऱ्या बाजूने मान डोलवली की मगच आपले गाऱ्हाणे काढायचे, अशी रीत होती. निम्मे तंटे मान डोलवेपर्यंतच मिटत, असे सर सांगतात. ती रीत त्यांनी समुद्रापलीकडे आणून आमच्या बैठकीत बसवली.

आमच्याकडे ख्रिस्ती माणूस एकच, वसईच्या मार्टिना लोपीस. त्यांचे यजमान विल्सनभाऊ जबल अलीच्या बंदरात कामाला आहेत आणि त्या स्वतः एका दवाखान्याचा स्वागतकक्ष सांभाळतात. बोलणे कमी, पण जे बोलतील ते ठाम. सरांच्या विषयामुळे जवळजवळ प्रत्येक बैठकीत होकार द्यायची वेळ त्यांच्यावर यायची. “अहो, मी काही फादर नाही,” असे म्हणून त्या आधी अंग चोरत. सर म्हणत, “ताई, मला फादरचा होकार नको आहे. जो रोज मानतो त्याचा हवा आहे.”

आम्ही शुक्रवारी जमायचो. मार्टिनाताई चर्चमधून थेट बैठकीला येत. आपल्याकडच्या वाचकांना हे विचित्र वाटेल, पण इथे सुट्टी शुक्रवारी असायची, म्हणून चर्चमधली मोठी प्रार्थनाही शुक्रवारी होई. रविवारी सगळे कामावर. मग सरकारने आठवडी सुट्टी शनिवार-रविवारवर नेली. त्यानंतरच्या पहिल्या बैठकीत मार्टिनाताई म्हणाल्या, “लग्न करून इथे आल्यापासून पहिल्यांदा माझा रविवार रविवारी आला,” आणि त्यांचे डोळे भरून आले. पण सर ते सरच. हळूच म्हणाले, “ताई, राग मानू नका. इतकी वर्षं शुक्रवारची प्रार्थना तुम्ही रविवारची म्हणून केलीत. ते चालेल, हे कोणी ठरवलं? देवाचा दिवस सरकारच्या कॅलेंडरवर बसवायचा अधिकार कोणाचा?” डोळे पुसता पुसता मार्टिनाताईंना हसू फुटले. बैठक शनिवारवर गेली, आणि राजाची हद्द कुठे संपते व देवाची कुठे सुरू होते या प्रश्नावर आम्ही सबंध हिवाळा काढला. ते सगळे सरांच्या पुस्तकात आले आहे.

आता त्या पुस्तकाबद्दल. बैठकीतल्या मांडणीतून सर मराठीत एक ग्रंथ लिहीत होते. पुण्याचे प्रकाशक तयार होते. सरांच्या शाळेत साठाव्या वर्षी निवृत्ती आहे. निवृत्तीनंतर सर आणि नजमाभाभी कायमचे रत्नागिरीला जाणार हे ठरलेलेच होते. जाण्याआधी पुस्तक इथल्या मंडळींच्या हाती पडावे, ही सरांची एकच इच्छा होती. ती त्यांनी फारशी बोलून दाखवली नाही, पण नजमाभाभींनी मला सांगितली होती. शेवटचे प्रकरण तेवढे राहिले होते, सदसद्विवेकाचे. माणसाच्या आत एक जागा अशी आहे जिथे तो फक्त देवाला जबाबदार असतो, या ख्रिस्ती धारणेतून पुढे युरोपात मतस्वातंत्र्याचा आणि नाही म्हणण्याच्या हक्काचा विचार कसा उगवला, असे त्याचे सूत्र. सरांनी ते एका शनिवारी वाचून दाखवले. फार सुरेख होते. मग त्यांनी मार्टिनाताईंकडे वळून विचारले, “बरोबर सांगितलं का?”

“नाही,” मार्टिनाताई म्हणाल्या.

“काय चुकलं?”

“चुकलं असं काही नाही, सर. पण हे आमचं वाटत नाही. आमच्या घरातून काय काय सामान बाहेर गेलं, त्याची तुम्ही मोजदाद केलीत. त्या घरात अजून माणसं राहतात, ते राहिलं.”

पाटणकरांचा धीर सुटला. “अहो ताई, हो म्हणून टाका ना! पब्लिशर थांबलाय तिकडे.”

“तुम्ही म्हणा हो. मला विचारलंय म्हणून मी सांगतेय.”

“यल्ला, चला, एका शब्दाचा तर प्रश्न आहे...”

“पाटणकर, खलास, पुरे!” सरांचा आवाज चढलेला मी त्या एकाच वेळी ऐकला. “नाही म्हणायच्या हक्कावर मी एवढं मोठं प्रकरण लिहिलंय. तो हक्क ताईंनी वापरला. आणि आता पुस्तक छापायचं म्हणून मीच तो दाबून टाकू?”

सरांनी त्याच आठवड्यात प्रकाशकांना थांबायला सांगितले. खरे सांगते, मला रागच आला होता. आमच्या धंद्यात एका सहीसाठी काम अडले की आम्ही सही करणाऱ्याच्या दारात जाऊन बसतो. सर दारात बसले नाहीत. त्यांनी मार्टिनाताईंना पुन्हा कधी विचारलेसुद्धा नाही.

काही महिन्यांनी विल्सनभाऊंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचे गाडी चालवणे बंद पडले. मार्टिनाताई अल कुसैसला राहत असल्या तरी जबल अलीच्या चर्चच्या गायनवृंदात गातात. पूर्वी त्या तिकडेच राहत होत्या, तेव्हापासूनची ती जागा. बसने जायचे तर अर्धा दिवस मोडतो. हे कळताच सरांनी त्यांना रविवारी गाडीने न्यायला सुरुवात केली. यात पुस्तकाचा काही डाव असेल अशी पाटणकरांना शंका आली आणि ती त्यांनी बोलूनही दाखवली. सर म्हणाले, “डाव असता तर गाडीत मी बोललो असतो. आम्ही जुनी गाणी ऐकतो.” मार्टिनाताई आत जात आणि सर बाहेर गाडीत वाचत बसत. विल्सनभाऊ पुन्हा गाडी चालवू लागेपर्यंत हा क्रम एकदाही चुकला नाही.

पण उन्हाळा आला. एका रविवारी मार्टिनाताई म्हणाल्या, “सर, उन्हात बसू नका हो. आत मागे बाक असतो. कोणी काही विचारत नाही.” सर आत गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. त्यांनी जे पाहिले ते त्यांच्याच तोंडून आम्ही नंतर ऐकले. त्या दिवशी धर्मग्रंथातला उतारा वाचायला उभा राहिलेला माणूस गोदामात माल चढवण्याचे काम करणारा होता. पुढच्या बाकांवर त्याच्याच कंपनीचे साहेब कुटुंबासह बसले होते आणि मान खाली घालून ऐकत होते. प्रार्थना संपल्यावर सगळे एकाच दारातून बाहेर पडले. साहेब आपल्या गाडीकडे गेले, आणि तो माणूस कामगारांच्या कॅम्पवर जाणाऱ्या कंपनीच्या बसच्या रांगेत उभा राहिला.

परतीच्या वाटेवर सरांनी गाणी लावली नाहीत. त्यांनी विचारले, “ताई, आत तो वाचत होता आणि साहेब ऐकत होते. बाहेर आल्यावर तो रांगेत. हे तुम्हाला खटकत नाही?”

“दर वेळी खटकतं,” मार्टिनाताई म्हणाल्या. “म्हणून तर परत जाते.”

सरांनी घरी येऊन ते सबंध प्रकरण बाजूला ठेवले आणि कोऱ्या पानापासून सुरुवात केली. पुढच्या शनिवारी ते आम्हाला म्हणाले, “मी चुकीचा प्रश्न विचारत होतो. कल्पना कुठून आली, एवढंच मी विचारलं. ती दारातून बाहेर कशी आली, हा खरा प्रश्न आहे. आणि हा फक्त त्यांचा प्रश्न नाही. जुम्म्याच्या नमाजाला ज्याच्या खांद्याला खांदा लावून मी उभा राहतो, त्याचं नाव तरी मला कुठे ठाऊक असतं? मी पण शेवटचा सलाम फिरवून नमाज संपवतो आणि गाडीत बसतो.” मग ते पाटणकरांकडे आणि माझ्याकडे वळले. “तुमच्या पंगतीचं तुम्ही बघा.” आम्ही दोघांनी आपापला चहा न्याहाळला.

आत ऐकलेली समता आणि बाहेर दिसणारी रांग, यांतले ते खटकणे किती पिढ्यांनी दारातून बाहेर आणले असेल? कोणी ते गिळले असेल, कोणी धर्मातच त्यावर सबब शोधली असेल, आणि कोणी त्यातून हक्काची भाषा घडवली असेल. युरोपच्या राजकीय विचाराकडे या बाजूने बघायला सरांनी मला शिकवले, आणि तेव्हापासून मला स्वतःच्या कार्यालयातसुद्धा नीट बसवत नाही. मी करारातली ‘मनुष्यबळ’ ही नोंद पूर्वी आकडा म्हणून वाचायची. आता दर वेळी तिथे अडखळते. सरांनी मला दिलेले हे सर्वांत गैरसोयीचे देणे आहे आणि त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

सरांची निवृत्ती जवळ आली. जबल अलीहून जहाजाने पाठवायच्या सामानात निम्मी पुस्तकेच होती. नजमाभाभी वैतागून म्हणत, “खोके बांधायचे की प्रकरण लिहायचं, एक काय ते ठरवा. माझी भांडी अजून बाहेर आहेत.” सरांनी प्रकरण लिहिले आणि भांडी भाभींनी व मी बांधली. रिकाम्या होत चाललेल्या त्या दिवाणखान्यात, खोक्यांवर बसून, आम्ही शेवटची बैठक केली. विल्सनभाऊही काठी टेकत आले होते. सरांनी नवे प्रकरण वाचले. गोदामातला माणूस त्यात होता, साहेब होते, बस होती आणि सर स्वतःही होते. वाचून झाल्यावर त्यांनी कागद मांडीवर ठेवले आणि विचारले, “बरोबर सांगितलं का?”

मार्टिनाताईंनी कागद मागून घेतले आणि शेवटचे पान स्वतः पुन्हा वाचले. त्यांनी हो म्हटले नाही तर पुस्तक सरांबरोबर खोक्यातून गावी जाणार आणि सर ते कधीच छापणार नाहीत, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होते. या वेळी पाटणकरसुद्धा गप्प होते.

“अर्धा हो,” मार्टिनाताई म्हणाल्या.

“अर्धा म्हणजे?”

“आमचं खटकणं तुम्ही बरोबर लिहिलंत, सर. मला पण असं सांगता आलं नसतं. पण आमचा आनंद नाही आला. कोणी हक्कासाठी चर्चला जात नाही. मी गायला जाते.”

सर एखाद्या विद्यार्थ्यासारखे पुढे झुकले. “तो आनंद राजकारणाच्या पुस्तकात मी कुठे मांडू, ताई?”

“ते मला कुठे माहीत? म्हणून तर अर्धा.”

सर मोठ्याने हसले. असे हसले की भाभी स्वयंपाकघरातून डोकावल्या. मग त्यांनी मार्टिनाताईंना सांगितले, “हे तुम्ही लिहा. तुमच्या शब्दांत. माझं प्रकरण संपलं की त्याच्या खाली तुमचा आक्षेप छापू. मी उत्तर देणार नाही.” मार्टिनाताईंनी आढेवेढे घेतले, पण लिहिले. पुस्तक आता छापखान्यात आहे. शेवटच्या पानांवरचा शब्द लेखकाचा नाही, त्याला अर्धवट होकार देणाऱ्या बाईंचा आहे. नाही म्हणण्याच्या हक्कावर लिहिणारे पुष्कळ असतील. आपल्याच पुस्तकात त्या हक्काला शेवटची जागा देणारे एक मला भेटले.

त्या शेवटच्या बैठकीतून आम्ही निघताना सर दारापर्यंत सोडायला आले. मार्टिनाताईंना ते म्हणाले, “आणि उरलेला अर्धा होकार?”

“ठेवून घेतलाय,” मार्टिनाताई म्हणाल्या. “प्रश्न विचारायला आलात की देते.”

मी बैठकीत अनेकदा सांगितलेले सरांचेच वाक्य त्यांना परत मिळाले होते. त्यांच्या ओठांवर हसू होते आणि डोळ्यांत पाणी. “येणार,” ते म्हणाले, “इन्शाल्ला, येणारच.”

साठीच्या उंबरठ्यावर सरांसाठी परमेश्वराकडे, आणि तो कोणाचा या वादात आज न पडता, मी एवढेच मागते. रत्नागिरीच्या घरात त्यांना आणि नजमाभाभींना उदंड, निरोगी आयुष्य मिळो. त्यांचे डोळे वाचायला, गुडघे विमानाच्या पायऱ्या चढायला आणि घसा पाटणकरांना गप्प करायला समर्थ राहोत. इथे त्यांचे काही ठेवून घेतलेले आहे. ते घ्यायला त्यांनी यावे, आणि आमच्या बैठकीत बसून मार्टिनाताईंना पुन्हा विचारावे, “बरोबर सांगितलं का?”